आजारी आईचे दूध : समजुती, धोका आणि शास्त्र

बाळंतिणीला ताप भरला, खोकला सुरू झाला किंवा अंगावर पुरळ उठले, की घरात पहिला निर्णय होतो तो बाळाला तिच्यापासून दूर ठेवण्याचा. पाठोपाठ डब्यातील पावडरीचे अथवा गाई-म्हशीचे वरचे दूध सुरू होते. 'तापातले दूध बाळाला बाधते' ही समजूत जुनी आहे आणि साथीच्या काळात तिला नव्याने बळ मिळते. वैद्यकशास्त्राचे म्हणणे मात्र वेगळे आहे. बहुतेक विषाणूजन्य आजारांत स्तन्यपान थांबविण्याची गरज नसते. उलट ते थांबविल्यानेच बाळाचे अधिक नुकसान होते. काही मोजक्या आजारांत मात्र आईचे दूध न देणे हेच बाळाच्या हिताचे ठरते. या दोहोंमधील सीमारेषा प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे. निर्णय घेण्यास अवधी थोडा असतो आणि आटलेले दूध पुन्हा आणणे सोपे नसते.

संसर्गाचे मार्ग

आईकडून बाळाकडे विषाणू मुख्यतः तीन मार्गांनी पोहोचतो. पहिला मार्ग श्वासाचा. फ्लू, कोविड, गोवर यांचे विषाणू खोकल्या-शिंकल्यातून आणि बोलताना उडणाऱ्या तुषारांतून पसरतात. दुसरा मार्ग स्पर्शाचा. नागिणीचे किंवा कांजिण्यांचे फोड, दूषित हात आणि कपडे हे त्याचे माध्यम असते. तिसरा मार्ग प्रत्यक्ष दुधाचा. एचआयव्हीचा विषाणू हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण होय. डेंग्यू, चिकुनगुनिया यांसारखे काही आजार यांपैकी कशातही नीट बसत नाहीत, कारण ते प्रामुख्याने डासांमार्फत पसरतात.

हा भेद लक्षात घेतला की पुढची दिशा स्पष्ट होते. विषाणू श्वासातून पसरत असेल, तर सावधगिरी श्वासाची घ्यायची असते, दुधाची नव्हे. विषाणू त्वचेवरील फोडात असेल, तर फोडाला बाळाचे तोंड लागू नये एवढे पाहावे लागते. दुधातूनच संसर्गाचा धोका असेल, तेव्हाच प्रश्न दुधाचा होतो.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. बहुतेक विषाणूजन्य आजारांत लक्षणे दिसण्यापूर्वीच रुग्ण संसर्ग पसरवू लागलेला असतो. आईला ताप येतो तेव्हा बाळ दोन-तीन दिवस तिच्या कुशीतच असते. त्यामुळे लक्षणे दिसल्यावर दूध तोडल्याने संसर्ग टळेलच असे नाही. बाळाचे संरक्षण मात्र नक्की तुटते. आईच्या शरीराने त्या विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे दुधात उतरू लागलेली असतात. आतड्यांच्या आणि श्वसनमार्गाच्या अस्तरात विषाणूची ओळख पटलेल्या पेशी रक्तावाटे स्तनांपर्यंत पोहोचतात आणि तेथे 'आयजीए' प्रकारची प्रतिपिंडे तयार करतात. ती बाळाच्या घशाच्या आणि आतड्यांच्या अस्तरावर पहारा देतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतील घट्ट, पिवळसर चिकात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते.

दूध तोडण्याची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर तासाभरात स्तन्यपान सुरू करावे, पहिले सहा महिने पाणीसुद्धा न देता केवळ आईचे दूध द्यावे आणि नंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे. वरचे दूध सुरू झाले की अतिसार आणि न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. पाण्याची शुद्धता, बाटलीची स्वच्छता, पावडरीचे प्रमाण यांपैकी एक जरी चुकले, तरी परिणाम बाळाला भोगावा लागतो. आफ्रिकेतील बोट्स्वानामध्ये एचआयव्हीच्या भीतीने सरकारतर्फे पावडरीचे दूध मोफत दिले जात होते. २००६ च्या सुरुवातीस तेथे अतिवृष्टीनंतर अतिसाराची मोठी साथ आली. त्या साथीत सर्वाधिक बळी गेले ते आईच्या दुधापासून वंचित असलेल्या बालकांचे.

आईच्या बाजूनेही किंमत असते. स्तन जितके रिकामे होतात, तितके दूध तयार होते. पाजणे अचानक थांबले की स्तन दाटतात, ठणकतात, कधी गळू होते आणि काही दिवसांत दूध कमी होऊ लागते. आधीच तापाने थकलेल्या बाळंतिणीवर हा दुसरा आघात ठरतो.

फ्लू : २००९ चा धडा

स्वाईन फ्लू या नावाने ओळखल्या गेलेल्या एच१एन१ विषाणूची जागतिक साथ आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जाहीर केली. देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला आणि शहरातील नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना या आजाराचा धोका अधिक असल्याचे त्या साथीत स्पष्ट झाले. त्यामुळे बाळंतिणीला फ्लूची लक्षणे दिसल्यास उपचार लांबवू नयेत, हा पहिला नियम.

फ्लूचा विषाणू दुधातून पसरत नाही. धोका असतो तो जवळून येणाऱ्या श्वासाचा. म्हणून आईने नाक-तोंड झाकून, हात धुऊन बाळाला पाजावे. ती फार आजारी असेल, तर दूध पिळून काढावे आणि घरातील निरोगी व्यक्तीने ते बाळाला पाजावे. फ्लूवर दिले जाणारे ओसेल्टामिविर हे औषध चालू असताना स्तन्यपान करता येते. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्यामुळे आईने घेतलेली लस आणि तिचे दूध हीच या वयातील बाळाची ढाल असते.

कोविड : सल्ला कसा बदलत गेला

कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत जगभर संभ्रम होता. चीनमध्ये बाधित मातांपासून नवजात बालकांना चौदा दिवस वेगळे ठेवण्याचा सल्ला प्रारंभी दिला गेला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एप्रिल २०२० मध्ये तात्पुरते विलगीकरण सुचविले होते. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र मार्च २०२० पासूनच वेगळी होती : आईने मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला अंगावर पाजावे. पुढे मिळालेल्या पुराव्यांनी ही भूमिका योग्य ठरविली आणि अमेरिकी संघटनेनेही जुलै २०२० मध्ये आपला सल्ला बदलला.

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ बाधित मातांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले. त्यांपैकी केवळ एका नमुन्यात विषाणूचे जनुकीय अंश आढळले आणि संसर्ग घडवू शकेल असा जिवंत विषाणू एकाही नमुन्यात सापडला नाही. हे निष्कर्ष ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बाधित मातांच्या दुधात, तसेच लस घेतलेल्या मातांच्याही दुधात, कोविडविरोधी प्रतिपिंडे असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. भारतात स्तनदा मातांना कोविडची लस देण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२१ रोजी मान्यता दिली.

या साथीने दिलेला धडा मोठा आहे. भीतीपोटी केलेले विलगीकरण सुरक्षित वाटते. पण त्यात बाळाचे दूध, ऊब आणि आईचा आत्मविश्वास या तिन्ही गोष्टी हिरावल्या जातात. आजार नवा असला तरी निर्णय पुराव्यावर व्हायला हवा.

एचआयव्ही : सर्वांत कठीण प्रश्न

आईच्या दुधातून एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो, हे १९८५ पासून ज्ञात आहे. कोणतेही उपचार नसतील, तर गर्भावस्था, प्रसूती आणि स्तन्यपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. हा फरक केवळ दूध थांबवून पडत नाही. तो औषधांनी पडतो.

दक्षिण आफ्रिकेतील दर्बान येथे झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. केवळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांपेक्षा आईचे आणि वरचे अशी दोन्ही दुधे मिळणाऱ्या बाळांत लागण अधिक असल्याचे त्यात आढळले. वरच्या दुधाने आतड्यांच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे 'थोडे अंगावरचे, थोडे बाटलीचे' ही सोयीची वाटणारी तडजोडच पहिल्या सहा महिन्यांत टाळायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये औषधांच्या संरक्षणाखाली स्तन्यपानाचा पुरस्कार केला. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा मातेकडून बाळाकडे होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम २००२ पासून राबविला जात आहे. आता प्रत्येक बाधित गर्भवतीला आणि स्तनदा मातेला आजन्म औषधोपचार दिले जातात. तिने औषध एकही दिवस न चुकविता घ्यावे, पहिले सहा महिने केवळ स्वतःचे दूध द्यावे, बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध द्यावे आणि सहा आठवड्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी, असा हा मार्ग आहे. स्वच्छ पाणी, इंधन आणि पुरेशी पावडर सातत्याने परवडणाऱ्या घरांत पूर्णपणे वरचे दूध देण्याचा पर्यायही डॉक्टरांशी बोलून निवडता येतो. अमेरिकेसारख्या देशांत बाधित मातांना स्तन्यपानाची सरसकट मनाई होती. २०२३ पासून तेथेही आई आणि डॉक्टर यांनी एकत्र निर्णय घेण्याची मुभा देण्यात आली.

स्तन्यपानाच्या काळात आईला नव्याने लागण झाली, तर धोका विशेष मोठा असतो. कारण त्या सुमारास तिच्या शरीरात विषाणूंचे प्रमाण अत्यंत जास्त असते. पतीला लागण असल्यास किंवा शंका असल्यास गर्भारपणातील एका तपासणीवर विसंबून राहू नये. बाळंतपणानंतरही तपासणी करून घ्यावी.

काविळीचे प्रकार

'कावीळ' हा एकच शब्द अनेक आजारांसाठी वापरला जातो आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. हिपॅटायटिस बी असलेल्या आईने बाळाला पाजावे. मात्र बाळाला जन्मानंतर शक्यतो बारा तासांत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन आणि चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा मिळायला हवी. प्रसूतीपूर्वी आईची तपासणी झालेली असेल, तरच ही तयारी वेळेवर होते. इम्युनोग्लोब्युलिनची वाट पाहत चिकाचा पहिला घोट लांबविण्याची गरज नाही.

हिपॅटायटिस सी दुधातून पसरत नाही. पण तो रक्तातून पसरतो. स्तनाग्राला भेगा पडून रक्त येत असेल, तर जखम भरेपर्यंत त्या बाजूने पाजू नये आणि त्या बाजूचे दूध काढून टाकावे. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्या-अन्नातून होणारे आजार. त्यांत शौचानंतर आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे हाच खरा बचाव असतो.

फोड आणि पुरळ

प्रसूतीपूर्वी पाच दिवसांपासून प्रसूतीनंतर दोन दिवसांपर्यंतच्या काळात आईला कांजिण्या उठल्यास नवजात बाळाला अतिशय गंभीर आजार होऊ शकतो. आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचायला अवधीच मिळालेला नसतो. अशा वेळी बाळाला विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते आणि काही काळ वेगळे ठेवावे लागते. स्तनावर फोड नसतील, तर पिळून काढलेले दूध त्याही काळात देता येते.

नागीण आणि हर्पिस सिम्प्लेक्स या आजारांत नियम सरळ आहे. ज्या स्तनावर फोड आहेत, त्या बाजूने पाजू नये आणि फोडांच्या संपर्कात आलेले दूध टाकून द्यावे. दुसऱ्या बाजूने पाजता येते. फोड मात्र झाकलेले असावेत. ओठावर हर्पिसचा फोड असल्यास बाळाचा मुका घेऊ नये. नवजात बाळाला झालेला हर्पिस प्राणघातक ठरू शकतो. गोवर झालेल्या आईला पुरळ उठल्यापासून चार दिवस बाळापासून वेगळे ठेवले जाते. तिचे दूध मात्र काढून देता येते.

डासांमुळे होणारे आजार

डेंग्यू आणि चिकुनगुनियात आईची प्रकृती साथ देत असेल तोवर स्तन्यपान चालू ठेवावे. झिका विषाणूचा राज्यातील पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे आढळला, तर २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक गर्भवतींना लागण झाली. झिकाचा खरा धोका गर्भातील बाळाला असतो. स्तन्यपान चालू ठेवावे, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या सर्व आजारांत आई आणि बाळ दोघांनाही मच्छरदाणीत ठेवणे महत्त्वाचे.

जेथे थांबावेच लागते

इबोलाची शंका किंवा निदान असेल, तर आईचे दूध देऊ नये. नैर्ऋत्य जपानसह जगाच्या काही भागांत आढळणाऱ्या एचटीएलव्ही-१ या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळच्या स्तन्यपानातून होतो. त्यामुळे बाधित मातांना ते टाळण्याचा किंवा लवकर थांबविण्याचा सल्ला दिला जातो. एमपॉक्समध्ये फोडांचा जवळचा स्पर्श घातक असतो. तेथे आईची अवस्था आणि बाळाचे वय पाहून डॉक्टर निर्णय घेतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, अतिशय कमी वजनाच्या बाळांसाठी आईच्या दुधातील सीएमव्ही विषाणूचाही स्वतंत्र विचार नवजात शिशू विभागात केला जातो.

पाजताना घ्यावयाची काळजी

श्वासातून पसरणाऱ्या आजारात आईने बाळाला घेण्यापूर्वी साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. मास्क नाकावर नीट बसलेला असावा. तो ओला होताच बदलावा, त्याच्या पुढच्या भागाला हात लावू नये. बाळाला मात्र मास्क कधीही लावू नये. गुदमरण्याचा धोका असतो. प्रत्येक वेळी स्तन धुण्याची आवश्यकता नाही. उघड्या छातीवर नुकताच खोकला उडाला असेल, तर तेवढ्यापुरते धुणे पुरते. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाजून झाल्यावर बाळाचा पाळणा शक्य तेवढ्या अंतरावर ठेवावा.

आईला उठवत नसेल, तर तिने दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा दूध पिळून काढावे. त्यामुळे बाळाला दूध मिळते आणि पान्हाही टिकतो. त्यासाठी हात पुरेसे आहेत. पंप असेल तर त्याचा प्रत्येक भाग वापरानंतर धुऊन निर्जंतुक करावा. दूध झाकणाच्या, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. खोलीचे तापमान २५ अंशांपर्यंत असेल, तर ते चार तास टिकते. उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे किंवा थेट फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवावे. दूध गॅसवर उकळू नये. भांडे कोमट पाण्यात धरावे. पाजण्यासाठी वाटी-चमचा उत्तम. बोंडले किंवा बाटली यांच्या चोचीत आणि बुचात दूध साचून राहते.

आईचे दूध मिळणेच शक्य नसेल, तर शेजारणीचे किंवा नात्यातील स्त्रीचे दूध परस्पर देणे टाळावे. तिची तपासणी झालेली नसते. त्यासाठी दुग्धपेढ्या आहेत. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली. दात्या मातांची रक्ततपासणी करून त्यांचे दूध ६२.५ अंश सेल्सियसला तीस मिनिटे तापविले जाते. त्यात एचआयव्हीसारखे विषाणू नष्ट होतात.

औषधे आणि लसी

ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल स्तनदा मातेला सुरक्षित आहे. अॅस्पिरिन आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे टाळावीत. कोडीनमुळे बाळाच्या श्वसनावर परिणाम होऊ शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्युडोएफेड्रिनमुळे दूध कमी होते. औषध दुकानदाराकडून गोळी घेताना 'अंगावर पिणारे बाळ आहे' हे सांगणे म्हणूनच आवश्यक असते. नेहमीच्या बहुतेक लसी या काळात घेता येतात. पीतज्वराची लस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

धोक्याची लक्षणे

दोन महिन्यांखालील बाळाने पिणे सोडले, ते मलूल झाले, त्याला झटके आले, त्याचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक वेळा चालू लागला, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाऊ लागली, अंग गार पडले अथवा ताप ३७.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. आईला धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे किंवा लघवी कमी होणे हीसुद्धा तितकीच तातडीची लक्षणे आहेत. बाळाच्या काळजीत तिच्या आजाराकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक असते.

आजाराचे नाव कोणतेही असो, दूध तोडण्यापूर्वी कुटुंबाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : हा विषाणू दुधातून पसरतो का, स्तनावर फोड किंवा रक्त येणारी जखम आहे का आणि दिलेले औषध बाळाला चालेल का. तिन्हींची उत्तरे अनुकूल असतील, तर आजारी आईला गरज असते ती विश्रांतीची, आहाराची आणि बाळाचे बाकीचे सारे करणाऱ्या हातांची. थांबविण्याची वेळ आलीच, तर ते किती दिवसांसाठी आणि तोवर पान्हा कसा टिकवायचा, हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे.